फोर्कलिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांचे मनापासून आभार

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या ज्या वायरमन आणि बॅटरीवाल्या मंडळींनी आमची मोटर मध्येच बंद पडणारी ४८ व्होल्टची फोर्कलिफ्ट मार्गी लावली, त्यांचे मनःपूर्वक आभार. महागडा कंट्रोलर (मोटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) बदलायची घाई त्यांनी केली नाही, हे फार मोठं. आधी चाकं जॅकवर उचलून खाली ठोकळे लावले. मग सप्लाय चालू ठेवून स्टिअरिंगच्या पोटेन्शिओमीटरवर (स्टिअरिंग किती वळलं ते व्होल्टेजने सांगणाऱ्या भागावर) मीटर धरला आणि स्टिअरिंग सावकाश फिरवलं. व्होल्टेज सलग बदलायला हवं. ते मध्येच उडी मारायचं, म्हणून कंट्रोलर मोटर बंद करायचा. कनेक्टरच्या पिनांवर हिरवा गंज, त्यावर टॉवेलच्या सुताची धूळ. बॅटरीचा प्लग काढूनच पिना साफ केल्या. लोडवर, म्हणजे बॅटरीवर भार असताना, तिचे २४ सेलही एकेक मोजले; एक कमजोर निघाला, १.७५ व्होल्टच्या खाली जात होता. तोही बदलून दिला.