व्हेनिसचे तिकीट आणि व्हेनिसची घरे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

व्हेनिसने एका दिवसापुरत्या येणाऱ्या पर्यटकांकडून प्रवेशशुल्क घेण्यास सुरुवात केल्याची बातमी आपल्याकडेही गाजली. शहरात शिरायला तिकीट, या कल्पनेचे कुणी कौतुक केले, कुणी थट्टा. मात्र दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्यांचे लक्ष दारावरच्या गर्दीकडे राहिले आणि तिथल्या घरांचा प्रश्न मागे पडला.

हे शुल्क २५ एप्रिल २०२४ पासून लागू झाले, तेही त्या वर्षातील निवडक २९ दिवसांपुरते, सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळेत आणि पाच युरो इतकेच. २०२५ मध्ये दिवस ५४ झाले आणि ऐनवेळी नोंदणी करणाऱ्यांना दहा युरो पडू लागले. परंतु दिवसाला किती जणांना आत सोडायचे याला मर्यादा नाही. पैसे भरले की वाट मोकळी. व्हेनिस ज्यात येते त्या व्हेनेतो प्रांताच्या रहिवाशांना हे शुल्क माफ आहे आणि महापालिकेच्या हद्दीत मुक्काम करणाऱ्यांनाही, कारण ते मुक्कामाचा कर वेगळा भरतात. मुख्य भूमीवरचे मेस्त्रे याच हद्दीत येते. त्यामुळे मेस्त्रेच्या हॉटेलात उतरून, सकाळी सान मार्को चौकात येऊन, गोंडोलात फोटो काढून संध्याकाळी परतणारा सहलीचा गट या शुल्कातून अलगद सुटतो. आपल्याकडच्या ‘दहा दिवसांत युरोप’ छापाच्या सहलींत व्हेनिसच्या वाट्याला असाच अर्धा दिवस येतो, हे ओळखीच्या कुणालाही विचारले तरी कळेल.

आता घरांकडे वळू. १९५१ मध्ये व्हेनिसच्या जुन्या शहरात सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. ऑगस्ट २०२२ मध्ये ही संख्या पन्नास हजारांच्या खाली गेली. रिआल्तो पुलाजवळच्या एका औषधाच्या दुकानात रहिवाशांचा घटता आकडा दाखवणारा फलक काचेमागे लावलेला आहे आणि बाहेर खरेदीला आलेली गर्दी त्याच्यासमोरून पुढे सरकत असते. या घसरणीचा सगळा दोष पर्यटकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल: ४ नोव्हेंबर १९६६ रोजी पाणी १९४ सेंटिमीटरपर्यंत चढले तेव्हा तळमजल्यावरच्या अनेक कुटुंबांचे संसार वाहून गेले, आणि मुख्य भूमीवर कोरडी, स्वस्त घरे व नोकऱ्या होत्या. पण सोडलेल्या घरात पुन्हा कुणी रहिवासी का येत नाही, याचे उत्तर पर्यटनात आहे. आठवड्याच्या भाड्याने पाहुण्यांना दिलेली सदनिका शिक्षकाच्या किंवा परिचारिकेच्या पगाराला परवडेल अशा भाड्याने कोण देईल? २०२३ मध्ये पर्यटकांसाठीच्या खाटा रहिवाशांच्या संख्येहून अधिक झाल्याचे तिथल्या नागरिकांच्या गटांनी दाखवून दिले होते.

वारसा आणि घरे हे दोन वेगळे विषय आहेत असे समजणाऱ्यांनी कालव्याकाठची एखादी भिंत जवळून पाहावी. चिखलात ठोकलेल्या लाकडी खांबांवर पाया, त्यावर पाणी शोषून न घेणाऱ्या इस्त्रियन दगडाचे थर आणि त्याच्या वर विटा, अशी ही रचना आहे. पाणी दगडाच्या वर चढू लागले की विटा ते शोषतात, ते सुकताना आत मिठाचे स्फटिक धरतात आणि गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. त्यात मोटारबोटींच्या लाटा दिवसभर पायावर आदळतात. तिथले लोक याला ‘मोतो ओंदोसो’ म्हणतात. आणि या शहरात सगळेच बोटीने येते: बाटलीबंद पाणी, हॉटेलांच्या धुतलेल्या चादरी, पाहुण्यांच्या बॅगा. म्हणजे रहिवाशाच्या घरात दर आठवड्याला नवा पाहुणा येऊ लागला की त्याच्या चादरींची बोटही त्याच भिंतीला लाटा देऊन जाते.

मोठे उपाय झालेच नाहीत असे नाही. शहराभोवतीच्या उथळ खाजणात समुद्राचे पाणी जिथून शिरते त्या तीन मुखांवर भरती अडवणाऱ्या ७८ झडपा असलेली मोझे ही यंत्रणा ३ ऑक्टोबर २०२० रोजी प्रथम उंच भरतीत वापरली गेली आणि शहर कोरडे राहिले. तिच्या खर्चात झालेला भ्रष्टाचार हा स्वतंत्र विषय आहे. ऑगस्ट २०२१ पासून २५ हजार टनांहून मोठ्या पर्यटक जहाजांना सान मार्कोसमोरून जाण्यास बंदी झाली, पण ती जहाजे मार्गेराच्या औद्योगिक बंदराकडे वळवली गेली, म्हणजे खाजणातच राहिली. युनेस्कोने १९८७ मध्ये व्हेनिस आणि त्याचे खाजण यांची जागतिक वारसा यादीत नोंद एकत्र केली होती, हे इथे आठवते. पुढे २०२१ आणि २०२३ मध्ये तज्ज्ञांनी हे स्थळ धोक्यातील वारशाच्या यादीत घालण्याची शिफारस केली, ती दोन्ही वेळा टळली.

२०२२ मध्ये इटलीच्या संसदेने अल्पमुदतीच्या भाड्याच्या घरांवर मर्यादा घालण्याचा खास अधिकार व्हेनिसला दिला, त्याची चर्चा पाच युरोंच्या दहाव्या हिश्शानेही झाली नाही. या अधिकाराचा कठोर वापर करणे राजकीयदृष्ट्या अवघड आहे, कारण घर भाड्याने देणारे अनेकजण स्वतःच स्थानिक मतदार आहेत. दारावर बाहेरच्याकडून पैसे घेण्यात ती अडचण नाही.

आपल्या वृत्तपत्रात पर्यटन कंपन्यांच्या जाहिराती व माहितीपर लेख नियमित येतात. त्यांत व्हेनिसचा मुक्काम मेस्त्रेत आहे की जुन्या शहरात, आणि तो परवानाधारक हॉटेलात आहे की रहिवासी घराच्या जागी, एवढे स्पष्ट लिहिण्याचा आग्रह आपण धरावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक