‘संशोधकांसाठी सेट’ म्हणून पाठवलेली रायफलींची पुस्तकं काहीच कामाची नाहीत, पैसे परत करा

प्रति,
तक्रार अधिकारी, कस्टमर केअर

नमस्कार,

मी अमळनेरहून लिहितोय. तुमच्या साइटवर ‘ब्रिटिश काळातल्या लष्करी बंदुका ओळखण्यासाठी संशोधकांचा सेट’ असं लिहिलेला तीन पुस्तकांचा सेट होता तो मी मागवला. ऑर्डर करायच्या आधी हेल्पलाइनला फोन करून तुमच्या माणसाला सगळं समजावून सांगितलं होतं, की दादा मी खान्देश भिल्ल कोअरवर काम करतोय, 1825 मध्ये आउट्रम साहेबाने उभी केलेली पलटण, ठाणं इथं धरणगावला, तिच्या हातात कोणकोणती हत्यारं आली ते शोधायचंय, आणि आमच्या भागातल्या काही जुन्या घरांत भिंतीवर निकामी बंदुका टांगलेल्या आहेत त्यांची मापं, शिक्के मी उतरवून घेतलेत ते जुळवायचेत. तो म्हणे, सर मग हाच सेट घ्या, एक्सपर्टनी निवडलाय.

आता काय आलं ते सांगतो. पहिलं पुस्तक नुसतं मोठ्या रंगीत फोटोंचं, जगभरच्या बंदुका, एका पानावर एक, नळीची लांबी नाही, भोकाचं माप नाही, शिक्क्याचा जवळून एक फोटो नाही, शेवटी सूची पण नाही. दुसरं अमेरिकेतलं किमतींचं गाइड, डॉलरमध्ये. त्यात एनफिल्ड (इंग्रजांची लष्करी रायफल) आहे पण ती त्यांच्या यादवी युद्धात दोन्ही बाजूंनी विकत घेतली म्हणून, भारताचं नाव नाही. तिसरं जुन्या पुस्तकाचं स्कॅन करून छापलेलं, आणि त्यातले घडीचे नकाशे-आकृत्या न उलगडताच स्कॅन केलेत. म्हणजे ज्या पानासाठी पुस्तक घ्यायचं तेच पान अर्धं. हे तुमच्या लिस्टिंगमध्ये कुठंही लिहिलेलं नव्हतं!

तुम्हाला वाटेल बंदूक ती बंदूक, एवढं काय त्यात. पण 1853 पॅटर्नची एनफिल्ड घ्या, ठासणीची, घोडा आपटला की फुटणाऱ्या स्फोटक टोपीवर चालणारी, .577 बोअर, 39 इंची नळी, ती लाकडाला धरणाऱ्या तीन कड्या. हिच्याच काडतुसाच्या चरबीवरून 1857 ला भडका उडाला. त्यानंतर इंग्रजांनी देशी पलटणींना लांबून तशीच दिसणारी पण आतून आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) नसलेली बंदूक दिली, भोक मोठं, साधारण .65 इंच, मागची साइट साधी पक्की बसवलेली, म्हणजे देशी शिपायाची गोळी गोऱ्या सोल्जरइतकी लांब आणि नेमकी जाऊच नये. सरकारचा आपल्या लोकांवर विश्वास किती होता ते त्या नळीत बोट घालून कळतं, आणि माझं सगळं काम तिथंच आहे. फोटोंच्या पुस्तकावरून बघाल तर दोन्ही ‘एनफिल्ड रायफल’च. लॉक प्लेटवर, म्हणजे घोड्याजवळच्या लोखंडी पट्टीवर, ईस्ट इंडिया कंपनीचा उभा सिंह आहे का ब्रिटिश सरकारचा मुकुट आणि ‘टॉवर’ अशी अक्षरं, साल कोणतं, नळीवर प्रूफचा (नळी तपासल्याचा) शिक्का लंडनचा का बर्मिंगहॅमचा, का वायव्य सरहद्दीकडं हातानं केलेली नक्कल आहे जिच्यात कधी इंग्रजी अक्षरंच उलटी असतात, हे दाखवणारं पुस्तक पाहिजे असतं.

आणि अशी पुस्तकं आहेत. कंपनी सरकारच्या हत्यारांवर हार्डिंगचे चार खंड आहेत, 1856 पर्यंतचे. त्यापुढं 1850 ते 1864 साठी रोड्सचं पुस्तक. ब्लॅकमोरचं चांगलं आहे पण ते 1850 ला थांबतं, एनफिल्डसाठी त्याचा उपयोग नाही, आणि हे त्याच्या नावातच लिहिलेलं आहे. मी फोनवर ही नावं घेतली तर तुमचा माणूस म्हणाला ती अवेलेबल नाहीत पण सेटमध्ये सगळं कव्हर होतं. नाही म्हणाला असता तर मी पैसे साठवून बाहेरून मागवली असती, माझी काहीच तक्रार नसती. राग याचाच आहे.

रिटर्न टाकलं तर उत्तर आलं की पॅकिंग उघडलंय म्हणून घेता येत नाही. अहो पॅकिंग न उघडता पुस्तकात सूची आहे का नाही कसं कळणार? तुम्ही साइटवर अनुक्रमणिकेचं पान पण टाकत नाही.

मला सेटचे पूर्ण पैसे परत पाहिजेत आणि पिकअप अमळनेरहून तुमच्या खर्चानं. दुसरं, लिस्टिंगमधून ‘संशोधकांसाठी’ हे शब्द काढा, आणि प्रत्येक पुस्तकाखाली कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंतचं आहे, सूची आहे का, मूळ छपाई का स्कॅन, एवढं तरी लिहा. धुळे-जळगावकडं इतिहासाचं काम करणारी बरीच पोरं आहेत, एकेक पुस्तक घ्यायला महिनोन्‌महिने पैसे जमवतात, त्यांना हाच सेट विकू नका.

ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निकाल एका महिन्यात द्यायचा असतो. नाही दिला तर मी जळगावच्या ग्राहक आयोगात अर्ज टाकणार आहे. बिल, लिस्टिंगचे स्क्रीनशॉट आणि घडी पडलेल्या पानांचे फोटो सोबत जोडलेत.

आपला ग्राहक,
अमळनेर, जि. जळगाव