दम्याला दमा म्हणा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ
यांस स. न. वि. वि.

परवा पहाटे तीन वाजता माझी साडेतीन वर्षांची लेक सरकारी दवाखान्यात माझ्या मांडीवर धापा टाकत होती. फ्रॉक वर केला, तर दर श्वासाला बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती. आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात याला 'पसली चलना' म्हणतात. दम्याचा पंप होता, पण त्यातलं औषध लहान मुलाच्या छातीत नीट जावं म्हणून पंपाला लावायची पोकळ नळी, म्हणजे स्पेसर, नव्हता. "बाहेरून आणा." पहाटे तीनला कुठून आणू? मोफत औषधांची पाटी माझ्या डोक्यावरच लावलेली होती! शेवटी सिस्टरनी पाण्याच्या बाटलीच्या बुडाला भोक पाडून त्यात पंप बसवला आणि बाटलीचं तोंड पोरीच्या ओठांत दिलं. हळूहळू श्वास मोकळा झाला. त्या बाईंचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. पण साहेब, तुमच्या खात्याची भिस्त रिकाम्या बाटलीवर आहे का?

दोन वर्षं हिला 'सर्दी छातीत उतरली' म्हणून सिरप आणि अँटिबायोटिक पाजली. रात्रीचा खोकला, धावली की छातीत वाजणारी शिटी, अंगावरचा एक्झिमा (खाजरं पुरळ), माझ्या आईचा दमा, कुणी काही विचारलंच नाही. मीच दम्याचा विषय काढला तर डॉक्टर म्हणाले, पाच वर्षांची होऊ द्या, मग फुंकायची तपासणी करू. एवढ्या लहान मुलांना त्या यंत्रात नीट फुंकता येत नाही, कबूल. म्हणूनच तर नीट विचारायचं, छाती ऐकायची, दोन-तीन महिने स्टेरॉइडचा पंप देऊन फरक पडतो का बघायचं. यात कुठलं यंत्र लागतं? 2025 मध्ये छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपनं लेकरं गेली. त्यानंतरही आमच्या हातात सिरपचीच बाटली!

आणि श्वास घ्यायचा तो कुठला? 2016 च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रदूषित शहरांच्या यादीत ग्वाल्हेर जगात दुसरं होतं, पीएम 2.5 (हवेतले अतिबारीक कण) वर्षाला सरासरी घनमीटरमागे 176 मायक्रोग्रॅम. संघटनेची आजची मर्यादा 5 आहे. रस्ते खणून ठेवतात, धूळ महिनोन्‌महिने उडते, आणि कुणी बडा माणूस येणार असला की तेवढ्या रस्त्यावर पाणी मारतात. आमच्या गल्लीत मुलं राहत नाहीत का?

प्रत्येक आरोग्य केंद्रात श्वास लगेच मोकळा करणारा सॅल्ब्युटामॉलचा पंप, ब्युडेसोनाइड हा स्टेरॉइडचा पंप आणि लहान मुलांच्या मास्कसह स्पेसर ठेवा. पंपाची 'सवय लागते' ही भीती आयांच्या मनातून काढायला माणूस नेमा. थंडी तोंडावर आली आहे. स्पेसर कोणत्या तारखेला येणार, ते मला लेखी कळवा.

एक आई,
लष्कर, ग्वाल्हेर