सगळ्या शेंगांना एकच महिना कसा चालेल?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतलं परसबागेचं पान मी नेमाने वाचते, कात्रणं काढून ठेवते, तेव्हा हे पत्र भांडायला म्हणून नाही, हक्काने लिहितेय असं समजा. मागच्या पानात 'कधी काय पेराल' असा तक्ता होता. त्यात मुळ्याला एक ओळ, टोमॅटोला एक ओळ, आणि 'बीन्स' म्हणून एकच ओळ, त्यात दोन महिन्यांची नावं आणि पुढे 'बी एक इंच खोल टोकावे, रोज पाणी द्यावे'. झालं! आता बीन्स म्हणजे नक्की कोण ते तरी सांगा. घेवडा (म्हणजे फरसबी) की वाल, चवळी की बाकला (ब्रॉड बीन), डबल बी (लिमा बीन) की चौधारी (विंग्ड बीन)? ह्यातल्या एकाला जी हवा मानवते तीच दुसऱ्याला मारते, आणि तुम्ही सगळ्यांना एकाच गाडीत बसवून दिलंत.

मी चिडून लिहितेय कारण असल्याच एका तक्त्यावर विश्वास ठेवून मी सुरवातीला हात पोळून घेतलेत, म्हणजे खरं तर गारठवून घेतलेत. महिना आला म्हणून बुटका घेवडा टोकला, वर दुपारी छान ऊन पडायचं त्यामुळे मला वाटलं हवा बरोबर आहे. दहा दिवस झाले, बारा झाले, काही नाही. शेवटी खुरप्याने हळूच उकरून पाहिलं तर बी फुगलेलं, साल सुटलेली, बोटांत धरलं तर साबणासारखं बुळबुळीत, आणि दोन बियांच्या आत बारीक पांढऱ्या अळ्या. चाळीस बियांतून सात उगवल्या, त्यातल्या तिघींना शेंडाच नव्हता, नुसती दोन जाड दलं, म्हणजे बीच्याच दोन फाकी, वर काढून उभ्या. अळीने आतला कोंब खाल्ला की असं बोडकं रोप येतं आणि ते पुढे काही करत नाही. शेजारच्या काकूंनी त्याच जागी तीन आठवड्यांनी तेच बी टोकलं आणि आठव्या दिवशी त्यांची ओळ डोकं काढून उभी. तेव्हा कळलं की ऊन अंगाला लागतं ते वेगळं आणि बी झोपतं त्या मातीची ऊब वेगळी.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की महिन्याच्या जागी मातीचं तापमान छापा. साधा स्वयंपाकातला काडीवाला थर्मामीटर चालतो, सकाळी सकाळी दोन इंच खोल खुपसायचा, मिनिटभर थांबायचं, असं चार-पाच दिवस ओळीने बघायचं. दुपारी बघू नका, दुपारचा आकडा लबाड असतो. घेवडा (बुटका असो की वेलाचा) १० अंश सेल्सिअसला उगवतच नाही, १५ अंशाला दोन आठवड्यांच्या वर घेतो, २५ ला आठवडाभरात वर. ह्यात नुसता उशीर होतो असंही नाही. कोरडं बी पहिले काही तास पाणी शोषत असतं तेव्हाच जर ते पाणी गार असेल तर आतल्या पेशींचं नुकसान होतं, मग नंतर ऊन आलं तरी ते बी सावरत नाही. म्हणजे 'टोकून ठेवू, थंडी गेली की येईल आपोआप' हा हिशोब घेवड्याला लागू नाही. गार ओल्या मातीत, त्यात कच्चं शेणखत घातलं असेल तर त्या बी पोखरणाऱ्या अळीच्या माशीला आमंत्रणच. डबल बी तर ह्याहून नाजूक, १५ अंशाला जवळजवळ महिना लावते, म्हणून १८-२० च्या खाली तिच्या वाटेला जाऊच नये.

आणि बाकला ह्याच्या बरोब्बर उलट! त्याला ५ अंशाची माती सुद्धा चालते, रोप लहान असताना दंव गोठलं तरी सकाळी मान टाकतं आणि ऊन आलं की परत उभं राहतं. त्याला भीती उन्हाळ्याची, फुलावर असताना गरम झालं की फुलं गळून पडतात, शेंगा काही धरत नाहीत. म्हणून हिवाळा फार कडक नसेल तिथे तो हिवाळ्याच्या तोंडावर पेरायचा आणि फारच गोठत असेल तिथे बर्फ गेल्या गेल्या, माती हाताळता आली की लगेच. घेवड्याची वाट बघत बाकला थांबवून ठेवला तर तुमच्या हातात फक्त पाला आणि मावा, म्हणजे ते रस शोषणारे बारीक किडे. (मावा शेंड्यावरच बसतो, खालच्या शेंगा धरायला लागल्या की शेंडा खुडून टाका, निम्मी कटकट जाते.)

हे असं का, तर मूळ घर. बाकला पश्चिम आशियाकडचा, तिकडच्या गार ओल्या हिवाळ्यात वाढलेला, आणि तो घेवड्याचा जवळचा नातेवाईक नाहीच, वाटाणा-मसूर त्याला जवळचे. घेवडा आणि डबल बी अमेरिका खंडातले, मेक्सिको ते अँडीज ह्या पट्ट्यातले, त्यांना दंव म्हणजे मरण. लाल फुलांची ती रनर बीन तिकडचीच पण डोंगरावरची, म्हणून तिला दंवही नको आणि कडक ऊनही नको, फुलं भरपूर येतात बघायला छान दिसतात आणि गरम हवेत शेंग एक धरत नाही. चवळी आफ्रिकेची, तिला १८-२० अंशांच्या खालची माती म्हणजे शिक्षा, पण जिथे घेवडा उन्हाने फुलं टाकतो तिथे ही मजेत असते. गवारही तशीच उन्हाची. एवढ्या वेगवेगळ्या घरच्या मंडळींना नाव एकच मिळालं म्हणून तक्त्यात ओळही एकच, हा कुठला न्याय.

आता उष्ण भागातले वाचक म्हणतील आम्हाला कुठे गारठ्याची काळजी, माती कायमच गरम. त्यांच्यासाठी हिशोब दुसऱ्या टोकाकडून. घेवडा पेरल्यापासून साधारण ३५ ते ४५ दिवसांत फुलावर येतो, आणि त्या आठवड्यांत दिवसा ३२ च्या वर आणि रात्रीही गरम राहिलं तर पराग निकामी होतात, फुलं गळतात. मग लोक खत घालतात, नत्र जास्त झालं की पाला आणखी माजतो आणि शेंगा तशाच नाहीत! तेव्हा आधी ठरवायचं की फुलं कुठल्या हवेत यायला हवीत, आणि तिथून दीड महिना मागे मोजायचं. थंड प्रदेशात हाच हिशोब शेवटाकडून करतात, बुटक्या घेवड्याला पहिली शेंग द्यायला ५० ते ६० दिवस, वेलाच्याला ६० ते ७०, पहिलं दंव ज्या सुमाराला गोठतं तिथून एवढे दिवस मागे आणि वर आणखी दोन आठवडे, कारण दिवस लहान होत जातात तसं रोप रेंगाळतं.

दिवस लहान होण्यावरून वालाची गोष्ट सांगायलाच हवी. एका वर्षी मी शहाणपणा करून वाल फार लवकर लावला, म्हटलं लवकर लावू लवकर खाऊ. काय तो वेल वाढला! मांडव भरला, कुंपण गेलं, काकूंच्या पाण्याच्या टाकीवर चढला, पानं तळहाताएवढी, आणि फूल? एक नाही. मी रोज जाऊन बघायची, काकू रोज विचारायच्या, शेवटी विचारायचं बंद केलं त्यांनी. मग दिवस लहान व्हायला लागले तसे एकदम तुरे आले, आणि मजा म्हणजे दोन महिने उशिरा लावलेला दुसरा वाल, जेमतेम कमरेएवढा, तोही त्याच सुमाराला फुलला. वालाच्या जुन्या वाणांपैकी बरेचसे असेच आहेत, रात्र पुरेशी मोठी झाल्याशिवाय फुलायचं नाही म्हणजे नाही. चौधारीचंही तसंच. ह्यात नवल नाही, गार्नर आणि अलार्ड ह्या अमेरिकन कृषी खात्यातल्या दोघांनी १९२० साली हेच तर मांडलं होतं. त्यांनी सोयाबीनचा एक वाण थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने पेरला आणि सगळ्या पेरण्या जवळपास एकाच वेळी फुलावर आल्या, त्यावरून त्यांनी दिवसाच्या लांबीचा संबंध लावला. आता दिवसाची लांबी न बघणारे वालाचे वाणही मिळतात, पण पाकिटावर ते लिहिलंय का ते बघून घ्यायचं, नाहीतर वेल कापत बसायचं. घेवड्याच्या बहुतेक बागेतल्या वाणांना असली नाटकं नाहीत.

पाकिटावरून आठवलं, पाकीट कुठलं छापलेलं आहे तेही बघा. उत्तर गोलार्धात मार्च म्हणजे वसंत, दक्षिणेत तोच शरद, आणि बिया हल्ली कुठून कुठे येतात काही नेम नाही.

रोपं करून लावायची की थेट टोकायची हाही प्रश्न वाचक विचारत असतात, तुमच्या पानात त्याला उत्तर होतं 'दोन्ही चालते'. चालतं हो, पण माझ्या मते घेवड्याची रोपं करण्यात मोसम फार छोटा असल्याशिवाय अर्थ नाही, थेट टोकलेला दोन आठवड्यांनी मागून येऊन गाठतो. करायचीच तर कागदाच्या नळीत करा आणि नळीसकट पुरा, शेंगवर्गाला मुळं दुखावलेली खपत नाहीत. घेवड्याला आधी पानांची साधी जोडी येते, बदामाच्या आकाराची, मग तीन पानांचं पहिलं पान. ते उलगडायच्या सुमाराला रोप बाहेर जायला हवं, म्हणजे साधारण दोन-तीन आठवड्यांचं. त्याआधी आठवडाभर दिवसा बाहेर रात्री आत असं सवय करून, नाहीतर पहिल्या उन्हावाऱ्यातच पानं पांढरी पडतात. आणि रात्री १० अंशांच्या खाली जात असेल तर लावूच नका, थांबलेलं रोप बरं, गारठून बसलेलं नको.

बुटका घेवडा एकदम बहरतो आणि दोन-तीन आठवड्यांत संपतो, म्हणून तो सगळा एका दिवशी पेरू नये. तारखा लक्षात राहत नाहीत माझ्या, मी आधीच्या ओळीला ते तीन पानांचं पान आलं की पुढची ओळ टोकते. वेलाच्या घेवड्याला एवढं नको, तोडत राहिलं की तो देत राहतो.

आणि शेवटी ते 'रोज पाणी द्यावे'. कृपा करून हे पुढच्या वेळी छापू नका. आधी पाणी द्या, वाफसा येऊ द्या (माती ओलसर राहील पण चिकटणार नाही इतकी), मग टोका, आणि कोंब दिसेपर्यंत शक्यतो हात आवरा. रोज पाणी मारलं की एकतर बी कुजतं नाहीतर वर मातीची कडक पापडी धरते, आणि घेवडा स्वतःची जाड दलं घेऊन वर येतो, पापडी कडक असली की मान तिथेच मोडते. बाकला आणि रनर दलं खालीच ठेवतात, त्यांना त्याचा त्रास कमी, गोगलगायीने शेंडा खाल्ला तरी खालून परत फुटतात. रात्रभर बी भिजत घालायचा सल्लाही बरेचजण देतात, मी घालत नाही, पाण्यात गुदमरलेलं बी चिरतं.

तर पुढच्या तक्त्यात निदान पाच-सहा ओळी द्या, घेवडा, डबल बी, बाकला, चवळी, वाल आणि चौधारी, प्रत्येकापुढे मातीचे अंश आणि शेंगेला लागणारे दिवस. जागा कमी पडत असेल तर त्या पानावरचा कुंडीतल्या गुलाबाचा फोटो थोडा लहान करा, तो गेली तीन वर्षं तोच आहे.

आपली,
एक नियमित वाचक