रापलेली कातडीही तपासा

सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४२ अंशांपुढे जातो, तरी ‘सावळ्या कातडीला ऊन काय करणार’ हा समज सुटत नाही. उन्हामुळे त्वचेचा कर्करोग सावळ्या कातडीलाही होऊ शकतो, म्हणून महिन्यातून एकदा चांगल्या उजेडात नाक, कानाच्या पाळ्या, मान आणि खालचा ओठ पाहावा. ओठ तर हमखास विसरला जातो. चार आठवड्यांत न भरणारी जखम किंवा खपली निघून पुन्हा रक्त येणारी जागा त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावी. आपल्याकडे उन्हाशी संबंधित त्वचेचा कर्करोग बऱ्याचदा काळसर, चकाकणाऱ्या गाठीसारखा दिसतो आणि लोक त्याला तीळ किंवा चामखीळ समजतात. दुकानातून आणलेल्या स्टेरॉइडच्या मलमाने वरची लाली तेवढी उतरते, आतली वाढ चालूच राहते. कोड असलेल्यांचे पांढरे डाग रंगद्रव्याअभावी लवकर भाजतात, ते झाकावेत.

– एक त्वचारोगतज्ज्ञ, सोलापूर