गव्हाचा डबा ओटीवर ठेवलाय

गिरणवाले भाऊ,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही फोनवर काही वाचत नाही हे मला माहीत आहे. पण तुमचा मुलगा वाचतो, तो रात्री जेवताना वाचून दाखवेल. तोंडावर आभार मानायला आले की तुम्ही गिरणीचा पट्टा चढवता आणि त्या घरघरीत माझं बोलणं विरून जातं. असं दोनदा झालं, म्हणून लिहिते आहे. चारचौघांत लिहिते आहे, कारण तुम्ही केलंत ते चारचौघांना कळावं.

लेकीचा आजार तुम्हाला ठाऊकच आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. पोर नऊ वर्षांची झाली तरी उंची वाढेना, हिमोग्लोबिन आठाच्या वर जाईना, पोट फुगलेलं, तोंड सारखं आलेलं. जंताचं औषध, लोहाच्या गोळ्या, टॉनिकं यांत दोन वर्षं गेली. शेवटी पुण्याला रक्त तपासलं, दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा काढून तपासला आणि नाव कळलं, सिलिअॅक. गहू, जव आणि राय नावाचं धान्य यांतलं ग्लूटेन हे चिकट प्रथिन पोटात गेलं की शरीर आपल्याच आतड्यावर उलटतं आणि अन्न शोषणारी लव झिजत जाते. त्याला गोळी नाही. गहू बंद, तोही जन्मभर. उत्तरेकडच्या गहू खाणाऱ्या मुलखात हा आजार जास्त सापडतो, आमच्या भातखाऊ किनाऱ्यावर तो चटकन कुणाच्या डोक्यात येत नाही.

मला वाटलं, आपल्याला काय अवघड आहे? घावन, आंबोळी, तांदळाची भाकरी, सांदण, पातोळ्या, मोदक. कोकणातल्या घरात गहू तसा पाहुणाच. मग एक दिवस हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं वाचली, तेव्हा कळलं की हा पाहुणा कुठे कुठे मुक्काम ठोकून बसलाय. बाजारातल्या बहुतेक हिंगात खरा हिंग थोडा आणि मैदा नाहीतर कणीक भरपूर. डबी फेकली, लाकडी पोळपाट-लाटणं माळ्यावर टाकलं, चाळण्या नव्या आणल्या. आता घर स्वच्छ झालं असं समजून मी निर्धास्त झाले.

राहिला होता फक्त केक.

तिचा वाढदिवस आषाढात येतो. त्या वर्षी घावनावर मेणबत्ती लावून पाहिली. पोर हसली, फुंकर मारली आणि म्हणाली, "आई, केक कधी?" वर्गातल्या प्रत्येकीच्या घरी केक कापताना ती टाळ्या वाजवून, नुसते वेफर्स खाऊन परत येत होती. तिच्या हट्टाला हट्ट म्हणवेना.

पहिला केक मैद्याच्या जागी मापाला माप तांदळाचं पीठ घालून केला. ओव्हनच्या काचेला नाकं लावून आम्ही सगळे बसलो होतो. टम्म फुगला. बाहेर काढला आणि पावसात गडगा ढासळावा तसा डोळ्यांदेखत मधोमध खचला. खाल्ला तर दाताखाली कचकच, जणू गुहागरच्या पुळणीवर बसून खातोय. कणीक मळताना जे रबरासारखं ताणतं, त्याच ग्लूटेनच्या जाळ्यात फुगवणारा वायू अडकून राहतो. तांदळाला ते जाळंच नाही. वायू येतो, पीठ वर ढकलतो आणि धरून ठेवणारं कुणी नाही म्हणून निघून जातो. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी मी ओव्हनला दोष दिला.

दुसरा केक गुलाबी करायचं मनात आलं. घरात कोकमाचं आगळ होतंच. आंबट आहे, सोडाही छान उसळेल, अशी अक्कल लढवली. सोडा जरा सढळ हाताने पडला. कोकमाचा रंग आंबटात लाल असतो, सोडा वरचढ झाला की निळसर करडा होतो. निघाली ती शाळेची पाटी. ह्यांनी विचारलं, "पेन्सिल कुठाय?" आणि आगळात मीठ असतं हे मी, कोकणात वीस वर्षं नांदलेली बाई, साफ विसरले होते! पाटी खारट निघाली.

मग नाचणीची नानकटाई. पहिल्या खेपेला तूप जास्त झालं, ओव्हनमध्ये सगळ्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि ताटाएवढा एकच पापड झाला. दुसऱ्या खेपेला तूप कमी केलं तर जांभ्याचे चिरे. सासूबाईंनी त्यातली एक कावळ्याला टाकली. त्याने उचलून कौलावर नेली, दोनदा आपटली आणि तिथेच ठेवून गेला. त्यावर त्या म्हणाल्या, "पितरं उपाशी राहायची हो अशाने." त्यांचं एकच म्हणणं होतं, आमच्यात केक कुठे होते, आम्ही धोंडस करायचो. काकडी, तांदळाचा रवा, गूळ, खोबरं, खाली-वर निखारे. धोंडस मलाही आवडतं. पण दहा वर्षांच्या पोरीला पिवळसर-तपकिरी धोंडसावर मैत्रिणींसमोर मेणबत्ती लावायची नसते. हे सासूबाईंना पटायला दोन श्रावण लागले.

पावाचं फार सांगत नाही. इसबगोल घालून पीठ छान धरलं होतं, पण वीस मिनिटांत लाईट गेली ती दोन तासांनी आली. वर कवच, आत खळ. पुढच्या वेळी पूर्ण भाजला, पण धीर निघाला नाही म्हणून गरम गरमच कापला आणि सगळा सुरीला चिकटला. तांदळाचा पाव निवतानाच घट्ट होतो, तोवर त्याला हात लावायचा नसतो.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पुढचं नव्हतं.

सहा महिन्यांनी पुण्याला पुन्हा रक्त तपासलं. शरीर आतड्यावर किती उलटलंय हे सांगणारा जो आकडा उतरायला हवा होता, तो जेमतेम हलला होता. डॉक्टरांनी विचारलं, "ही बाहेर काही खाते का?" त्यांनी विचारायचं ते विचारलं. पण परतताना कुंभार्ली घाट उतरेपर्यंत मी लेकीशी एक शब्द बोलले नाही. घरी आल्यावर तिचं दप्तर उपसलं, बिस्किटाचा एखादा कागद सापडतो का बघितलं. कागद मिळाला नाही, तरी माझा तिच्यावर विश्वास बसला नाही. ती रडली, मी दार लोटून घेतलं. हे लिहायला हात जड होतोय.

त्याच आठवड्यात मी तुमच्याकडे तांदळाचा डबा घेऊन आले. म्हटलं, भाऊ, केक कचकचतो, जरा बारीक दळा. तुम्ही आधीचं पीठ चिमटीत घेऊन चोळलंत. "ही भाकरीची रवाळी. केकला पिठी पायजे." मग सहज विचारल्यासारखं विचारलंत, "केक कोणासाठी?" मी सांगितलं, सहा महिन्यांचं सगळंच सांगितलं. दप्तराचंही.

तुम्ही पट्टा उतरवलात. रांगेत तीन डबे होते, तरी गिरण थांबवलीत. झाकण काढून आत कुंचा फिरवलात आणि ओंजळभर पीठ माझ्यासमोर धरलंत. ते पांढरं नव्हतं.

"काल रातीचं शेवटचं दळण गव्हाचं होतं वैनी. सकाळपासनं तांदूळच दळतोय, तरी बघा. ज्याचं त्याचं थोडं आत राहतं, ते पुढच्याच्या डब्यात जातं. पोरीला बोलू नका."

नंतर मी हिशोब मांडला. आपल्याकडे पाकिटावर 'ग्लूटेन फ्री' लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन असावं लागतं. चहाच्या चमचाभर कणकेत, म्हणजे साधारण ३ ग्रॅममध्ये, ते २०० मिलिग्रॅमच्या वर असतं. किलोभर तांदळाच्या पिठात तेवढा चमचा मिसळला तरी दहापट झालं. आणि तुमच्या हातात ओंजळ होती. पुण्यात मिळालेल्या पथ्याच्या छापील कागदावर ज्वारी चालेल, बाजरी चालेल, तांदूळ चालेल असं सगळं होतं. कुठे दळायचं, याबद्दल एक ओळ नव्हती. चोरी पोरीच्या दप्तरात नव्हती, मी रोज प्रेमाने थापत होते त्या भाकरीत होती.

त्या रात्री लेकीची माफी मागितली. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "म्हणजे भाकरीच होती?" एवढंच. मला ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

आणि तुम्ही? दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, आमचं दळण वेगळं दळून द्या, जास्त पैसे घ्या. तुमचं उत्तर मला शब्दन्‌शब्द आठवतंय. "दगडांना टाकी लावीन, आधी किलोभर तांदूळ घालून ते फेकून देईन, पण हवेत पीठ उडतं त्याला काय करू? आणि एखाद्या दिवशी मला विसर पडला तर? आमच्याकडे दळण आणू नका. घरघंटी घ्या." महिन्याचं आमचं वीस किलो दळण. वाडीत आधीच तीन घरांनी घरघंट्या घेतल्या म्हणून तुम्ही कुरकुरत होतात, तेच तुम्ही चौथी घ्यायला लावलीत.

माझ्या दिरांनी त्यांची जुनी घंटी फुकट देऊ केली होती. तुम्हीच नको म्हणालात. "दहा वर्षं गहू खाल्लेली घंटी, तिला काय गोमूत्र शिंपडून शुद्ध करणार?" नवी घ्यायला गिरण अर्धा दिवस बंद ठेवून आमच्याबरोबर चिपळूणला आलात. दुकानदार रंग दाखवत होता आणि तुम्ही एकेक जाळी उजेडाला धरून बघत होतात. त्याला वाटलं, तुम्ही माझे वडील.

तुम्ही शिकवलंत तसंच अजून करते. तांदूळ धुऊन सावलीत फडक्यावर पसरायचे, पावसात पंख्याखाली दोन दिवस. पुरते सुकल्याशिवाय दळायचे नाहीत, नाहीतर जाळी चोंदते. सगळ्यात बारीक जाळी लावायची आणि वर पीठ मलमलच्या फडक्यातून गाळायचं. दळलेलं पीठ गरम असताना डब्याचं झाकण लावायचं नाही, आत घाम धरतो. ही शेवटची गोष्ट कुठल्याच पाककृतीत नव्हती. माझं निम्मं पीठ आंबूस का होत होतं, ते तेव्हा कळलं.

कचकच गेली. खचणं उरलं होतं, ते सासूबाईंच्या हाताने गेलं. मोदकाची उकड का तुटत नाही, असा एकदा त्यांच्याशी वाद घालताना सुचलं की २०० ग्रॅम पिठीतले तीन चमचे वाटीभर नारळाच्या दुधात शिजवून खळ करावी. ती निवली की तीन अंडी, दीड वाटी साखर, अर्धी वाटी तूप आणि उरलेली पिठी. तासभर झाकून ठेवायचं, म्हणजे पिठी पाणी पिते. मग बेकिंग पावडर, तीही आधी चमचाभर गरम पाण्यात टाकून फसफसते का बघून, कारण आमच्या आषाढात उघडी डबी महिन्याभरात मरते. १७० अंशांवर चाळीस मिनिटं. जाळ्याचं काम शिजलेली खळ आणि अंडी मिळून करतात. मधे जरा बसतो अजून, नाही असं नाही. त्या खड्ड्यात आंब्याचा रस भरला की कुणी काही म्हणत नाही.

फाल्गुनातल्या तपासणीत आकडा निम्म्यावर आला. हिमोग्लोबिन ११. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा करतो आम्ही, त्यांतली शेवटची आधीच्या खुणेपेक्षा चार बोटं वर आहे.

यंदाच्या वाढदिवसाला तुम्हाला चार वाजता बोलावलं होतं. पाच वाजले तरी पत्ता नाही. मला वाटलं, दळण आलं असेल. मग पाखाडीवरून तुम्ही उतरताना दिसलात. केस ओले, इस्त्रीचा पांढरा सदरा, पायांत नव्या चपला. "संध्याकाळची आंघोळ, वैनी. अंगावर गहू होता." तरी ओटीच्या पायरीवरच बसलात. केकचा तुकडा हातात दिला तर तोंडात घालायच्या आधी चिमटीत घेऊन चोळलात.

"रवाळ नाय," म्हणालात.

पोर अजून ते सगळ्यांना करून दाखवते, चिमूट चोळून, तुमच्या आवाजात.

एक राहिलंच. तुमचा ॲल्युमिनियमचा डबा आमच्याकडे आहे, गेल्या वर्षी शेवटचं दळण आणलं होतं तो. गव्हाचा आहे म्हणून घरात घेतला नाही, ओटीवर ठेवलाय. पाऊस उघडला की घेऊन जा, आणि जाताना आत या.

तुमची,
खालच्या वाडीतली वैनी