दुसरीतल्या नातवाविषयी मित्रास पत्र

पुणे,
दि. १४ जुलै

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. दुसरीतला नातू ‘पंचवीस’ ऐकून ५२ लिहितो, ‘एकोणतीस’ सांगितले की ३९ मांडतो, आणि बाईंनी वहीत लाल शेरा मारल्यापासून सूनबाई शिकवणी शोधू लागली आहे, हे वाचले. मुलाची समज कमी आहे का, असे तू विचारतोस. माझे मत असे की तो चांगला विचार करतो आहे, आणि त्या विचाराची चौकशी न करता त्याला नुसते बरोबर उत्तर सांगितले, तर ते चाचणीपुरते टिकेल आणि पुढे हातच्याच्या वजाबाकीत त्याला पुन्हा अडवील.

त्याच्या कानाने ऐकून पाहा. पंचवीसमध्ये पाच आधी येतात आणि वीस मागून, लिहिताना मात्र दोनाचा आकडा डावीकडे आधी मांडायचा. त्याने ऐकले त्या क्रमाने लिहिले. एकोणतीसच्या बाबतीत तर मला त्याचे कौतुकच वाटले. एकोणीसवरून त्याने ताडले असणार की ‘एकोण’ आले की शेवटी नऊ, आणि पुढे तीस ऐकू आले म्हणून आधी तीन. हा नियम त्याला कोणी शिकवलेला नाही, तो त्याने स्वतः शोधला आहे. तिसातून एक उणा करायचा, एवढेच त्याच्या ध्यानात यायचे राहिले आहे. शेजारच्या कानडीत हा घोळ होत नाही, कारण तेथे एकवीसला ‘इप्पत्तोंदु’ म्हणतात, म्हणजे वीस आधी आणि एक नंतर. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात रूढ संख्यानामांबरोबर ‘वीस एक, वीस दोन’ असे वाचन दिले होते, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते तुला आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर शांतपणे कारणे सांगत होत्या आणि बाकीचे ‘वीस’ने संपणाऱ्या आडनावांवर विनोद करण्यात रमले होते. पुण्यातल्या कट्ट्यांवरही तेच चालले होते. नवे वाचन रुजावे की नाही यावर मतभेद असू शकतो, पण मुलाला नेमकी अडचण कोठे येते हा मूळ प्रश्न त्या गोंगाटात कोणी फारसा ऐकलाच नाही.

चुकीच्या उत्तरामागे सुसंगत विचार असतो, हे ज्याने जगाच्या गळी उतरवले तो स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे १९२०च्या सुमारास पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापन चाचण्यांवर काम करत होता. काम साधे होते, बरोबर उत्तरे मोजायची. त्याचे लक्ष मात्र चुकांकडे गेले, कारण एकाच वयाची मुले एकाच तऱ्हेने चुकत होती. पुढे त्याने केलेला पाण्याचा प्रयोग तुझ्या स्वयंपाकघरातही करता येईल. दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी घ्यायचे आणि एकातले पाणी मुलादेखत उंच, निमुळत्या पेल्यात ओतायचे. चार-पाच वर्षांचे मूल बहुधा ठामपणे सांगते की उंच पेल्यात पाणी जास्त आहे. सात-आठच्या आसपास तेच मूल म्हणते, ‘परत ओतलं तर तेवढंच होईल.’ मधल्या काळात त्याला पाण्याविषयी कोणी पाठ दिलेला नसतो. उंची आणि रुंदी या दोन गोष्टी एका वेळी मनात धरण्याची आणि झालेली क्रिया मनातल्या मनात उलटी करून पाहण्याची शक्ती त्याला आलेली असते.

पण पियाजेलाही वेदवाक्य मानू नये. मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये अशाच एका प्रयोगात सोंगट्यांच्या दोन सारख्या ओळींपैकी एक ओळ मोठ्या माणसाने बदलण्याऐवजी एका खोडकर अस्वलाच्या बाहुलीकडून विस्कटवली, तेव्हा सोंगट्या दोन्हींत तेवढ्याच आहेत असे बरीच अधिक मुले बरोबर बोलली. मोठ्या माणसाने स्वतः मुद्दाम बदल करून तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की आपले पहिले उत्तर चुकले असावे, असे मुलाला वाटत असणार. तेव्हा नातवाला ‘हे बरोबर आहे का?’ असे दरडावून विचारू नकोस. तो मुकाट्याने आकडे उलटे करील आणि तुला वाटेल की त्याला समजले.

पर्वतीच्या पायथ्याशी एका शाळेत मी अधूनमधून मुलांबरोबर बसतो. तेथे एक मुलगी आहे. आईबरोबर मंडईत बसून सव्वादोन किलो कांद्याचे पैसे ती तोंडी सांगते, आणि तोच गुणाकार फळ्यावर उभा मांडला की गोंधळते. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या ९ ते १५ वर्षांच्या पाच मुलांचा असाच अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. धंद्यातली ९८ टक्के उदाहरणे त्यांनी बरोबर सोडवली, कागदावरच्या नुसत्या आकडेमोडीत ते प्रमाण ३७ टक्क्यांवर आले. हिशेब त्यांना येत होता, पण त्याचा आणि शाळेतल्या मांडणीचा सांधा कोणी जुळवून दिला नव्हता.

हा सांधा मूल बहुतेक वेळा एकट्याने जुळवू शकत नाही. म्हणून ‘मोठा झाला की आपोआप येईल’ हे तुझ्या पत्रातले वाक्य मला मान्य नाही. पियाजेप्रमाणेच १८९६ साली जन्मलेला आणि १९३४ मध्ये क्षयाने गेलेला रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की म्हणे की मूल आज एकट्याने काय करते एवढेच पाहू नये, कोणाच्या मदतीने ते काय करू शकते तेही पाहावे, आणि शिकवणे त्या दोहोंमधल्या जागेत व्हावे. आपल्याकडे २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर ‘ज्ञानरचनावाद’, म्हणजे मूल आपले ज्ञान स्वतः रचते हा विचार, हा शब्द शिक्षकांच्या प्रशिक्षणांत सर्वतोमुखी झाला, आणि पुष्कळ ठिकाणी फरशीवर रंगीत वर्तुळे काढून संपला. वर्तुळात बसलेल्या मुलाला ‘तू हे कसे काढलेस?’ असे कोणी विचारत नसेल, तर रंगाचा खर्च वाया गेला.

तर तू असे कर. आगपेटीच्या काड्या घे, दहा-दहांचे गठ्ठे त्यालाच बांधू दे आणि पंचवीस काड्या मांडायला सांग. तो दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या ठेवील. मग त्याने लिहिलेल्या ५२ एवढ्या काड्या मांडायला सांग आणि गप्प राहा. दोन्ही ढीग समोर आले की त्याचा तोच अडखळेल, आणि त्या अडखळण्याला पुरेसा वेळ दे. एकोणतिसासाठी तीन गठ्ठे ठेवून एक काडी काढून घ्यायला लाव. उजळणी आणि पाढे मात्र सोडू नका. ते तोंडी असले की डोके विचाराला मोकळे राहते. शिकवणीचे दिवाळीनंतर पाहता येईल, आणि लावलीच तर मुलाला बोलू देणारी लावा.

त्याने ३९ का लिहिले, याचे जे कारण तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत मला कळव. माझा तर्क चुकलेलाही असेल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
माधव